माघ वद्य अष्टमी ते अमावास्या : अंदमानच्या प्रवाळांची सहल

अंदमानला प्रवाळ बघायला जायचं असेल, तर विमानाचं तिकीट काढण्याआधी पंचांग उघडावं. समुद्र वरून बघायला कोणतीही तिथी चालते. समुद्राच्या आत बघायचं असेल तर तिथी जुळवावी लागते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती खूप चढते, ओहोटी खूप उतरते, आणि सहा तासांत एवढं पाणी आत-बाहेर व्हायचं म्हणजे बेटांमधल्या चिंचोळ्या जागांतून त्याला जोराची ओढ लागते. त्या ओढीने तळाची बारीक वाळू उठते आणि समोरचं धूसर होतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो : चढउतार थोडा, ओढ कमी, पाणी निवळ. कोकणातले मच्छीमार जाळ्यांचं गणित ज्या तिथींवर बसवतात, त्याच तिथींवर प्रवाळ बघणाऱ्यानेही आपलं गणित बसवावं.

यात एक बारकावा आहे. खरं उधाण अमावास्येच्या दिवशीच नव्हे, तर त्यानंतर एक-दोन दिवसांनी शिगेला पोचतं. भांगही तसाच अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी पुरता लागतो. म्हणून खोल पाण्यातलं डायव्हिंग नवमी-दशमीला ठेवायचं, आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडपांवरचं भटकणं अमावास्या-प्रतिपदेला. वद्य पक्षात गेलं की दोन्ही एकाच सहलीत बसतं. वर अमावास्येच्या काळोखात पाण्यातला उजेड बघायला मिळतो, तो शुद्ध पक्षातल्या चांदण्यात दिसत नाही.

महिना माघ का, तर फेब्रुवारी ते एप्रिल हा अंदमानच्या समुद्राचा सगळ्यात शांत काळ. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे असतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून ईशान्येकडचा वारा आणि पाऊस, शिवाय नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वादळांची धास्ती. माघ वद्यात महाशिवरात्रीची सुट्टीही येते. ज्यांना परीक्षांमुळे तेव्हा जमत नाही, त्यांनी होळीनंतरचा फाल्गुन वद्य पक्ष धरावा आणि पाडव्याला घरी यावं. एप्रिलच्या अखेरीस मात्र पाणी तापायला लागतं, आणि प्रवाळांना ते सोसत नाही. त्याबद्दल पुढे.

तयारीत सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे स्वतःचा मास्क. भाड्याचा मास्क नेमका आपल्या चेहऱ्याला बसेलच असं नाही, आणि गळणाऱ्या मास्कमुळे दोन तासांची फेरी डोळे चोळण्यात जाते. दुकानात मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलका श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. तो चेहऱ्याला चिकटून राहिला तर आपला. पट्टा करकचून आवळला की मास्क उलट जास्त गळतो, कारण सिलिकॉनची कड दुमडते. मिशा असतील तर नाकाखाली थोडं व्हॅसलिन लावावं. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला चिकट थर असतो, त्यामुळे सारखी वाफ धरते. साधी पांढरी टूथपेस्ट आतून बोटाने चोळून दोन-तीनदा धुतला की तो थर निघतो. पुढे दर वेळी पाण्यात शिरताना बेबी शांपूचा एक थेंब पुरतो. चष्मा असणाऱ्यांना नंबरच्या काचांचे मास्क मिळतात, ते आधीच मागवून ठेवावेत. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क टाळावेत. त्यांच्या पोकळीत उच्छ्वासाची हवा साठून पुन्हा आत ओढली जाण्याचा धोका असतो, आणि घाबरलेल्या क्षणी ते पटकन काढता येत नाहीत.

पाण्यात तोंड घालून नळीने श्वास घ्यायची सवय घराजवळच्या तलावात चार दिवस केली तरी फरक पडतो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ मालवणला स्नॉर्केलिंग केलेलं असेल तर उत्तमच. तिथलं पाणी अंदमानइतकं स्वच्छ नसतं, त्यामुळे तिथे न घाबरणारा माणूस इथे निवांत असतो.

वद्य सप्तमी, पोर्ट ब्लेअर

चेन्नई किंवा कोलकात्याहून साधारण दोन-सव्वादोन तासांत विमान पोर्ट ब्लेअरला उतरतं. गावाचं अधिकृत नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम आहे. तसंच हॅवलॉक बेटाचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप, आणि नील बेटाचं शहीद द्वीप. तिकिटांवर नवी नावं असतात, रिक्षावाल्यांच्या आणि खलाशांच्या तोंडी अजून जुनीच, त्यामुळे दोन्ही माहीत असलेली बरी. परदेशी पासपोर्ट असलेले नातेवाईक बरोबर असतील तर त्यांची विमानतळावर नोंद होते. पासपोर्ट आणि व्हिसाच्या झेरॉक्स हाताशी ठेवाव्यात.

पहिल्याच दिवशी अंगवळणी पाडायची गोष्ट म्हणजे वेळ. घड्याळ भारताचंच, पण बेटं पूर्वेला इतकी दूर की फेब्रुवारीच्या अखेरीस पावणेसहाच्या आतबाहेर सूर्य वर येतो आणि संध्याकाळी सहाला अंधारून येतं. जे काही करायचं ते सकाळी. साडेनऊला नाश्ता करून निघणाऱ्याचा अर्धा दिवस गेलेला असतो.

दुपार सेल्युलर जेलला दिली. मराठी माणूस इथे येऊन सावरकरांच्या कोठडीपाशी उभा राहिल्याशिवाय परत जात नाही. १९११ ते १९२१ एवढा काळ ते या तुरुंगात होते. मूळच्या सात इमारतींपैकी तीनच आता उभ्या आहेत. गच्चीवरून समोर रॉस बेट आणि पलीकडे नॉर्थ बे दिसतो. जुन्या लाल वीस रुपयांच्या नोटेवर नारळांमागे दीपगृह असलेला किनारा होता ना, तो हाच नॉर्थ बे.

संध्याकाळी दोन कामं करून घ्यावीत : पुढच्या बेटांसाठी रोख पैसे काढणं, कारण तिथे एटीएम मोजकी आणि तीही कधीकधी रिकामी, आणि दुसऱ्या दिवशीच्या जॉली बॉय बेटाच्या परवान्याची खात्री करणं.

अष्टमी, वंडूर आणि जॉली बॉय

महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ साली घोषित झालं. २८१.५ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात पंधरा बेटं आहेत आणि पर्यटकांना त्यातली दोनच खुली असतात, तीही आळीपाळीने. साधारण नोव्हेंबर ते मे जॉली बॉय, पावसाळ्याच्या महिन्यांत रेड स्किन. एका बेटाला विश्रांती मिळावी म्हणून ही पद्धत. सोमवारी उद्यान बंद, म्हणून अष्टमी सोमवारी येत असेल तर एक दिवस मागेपुढे करावं लागतं.

वंडूरची जेट्टी शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर. सकाळी आठच्या सुमारास पोचावं. इथे सामानाची तपासणी होते आणि ती मनापासून होते. प्लास्टिकची बाटली, वेफर्सचं पाकीट, कॅरीबॅग काहीही पुढे जाऊ देत नाहीत. जे न्यावंच लागतं त्यावर डिपॉझिट घेतात आणि परत आल्यावर वस्तू दाखवली की पैसे देतात. स्टीलच्या बाटल्या आणि डबे घरूनच नेले तर हा सगळा वेळ वाचतो. बेटावर खायला काही मिळत नाही. पोळी-भाजीचा डबा हा सगळ्यात चांगला उपाय. केळीही चालतात, फक्त सालं परत आणायची.

बोट आधी तिवरांच्या खाडीतून जाते, मग मोकळ्या पाण्यात येते. बेटाच्या किनाऱ्याला मोठी बोट लागत नाही, त्यामुळे काचेच्या तळाच्या छोट्या बोटींतून उतरवतात. या फेरीत खाली बघताना बहुतेकांचा पहिला उद्गार निराशेचा असतो : रंग कुठे आहेत? इथे थोडं समजून घेतलं तर पुढचे सगळे दिवस सुखाचे जातात. जिवंत, धडधाकट प्रवाळ बहुतांशी तपकिरी, शेवाळी, मोहरीच्या रंगाचे असतात. तो रंग त्यांच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा. हे शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं, म्हणून प्रवाळ उथळ, स्वच्छ, उन्हाच्या पाण्यातच वाढतात. शिवाय पाणी प्रकाशातला तांबडा भाग सगळ्यात आधी शोषून घेतं, चार-पाच मीटरखाली लाल वस्तू करडी दिसायला लागते. चित्रांतले भडक रंग टॉर्चच्या उजेडाने आणलेले असतात. जवळ पाण्याखाली चालणारा छोटा टॉर्च ठेवला तर दुपारच्या उन्हातही एखाद्या कपारीत खरा केशरी, खरा जांभळा दिसतो.

एकदम पांढरा शुभ्र प्रवाळ दिसला तर तो सुंदर म्हणून फोटो काढण्यासारखा नसतो. तो उपाशी असतो. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ आतलं शैवाल बाहेर टाकतो आणि त्याचा चुनखडीचा सांगाडा पारदर्शक मांसातून पांढरा दिसू लागतो. तो अजून मेलेला नसतो. पाणी वेळेत गार झालं तर शैवाल परत येतं. पण तसं झालं नाही, तर काही दिवसांत त्यावर हिरवट-तपकिरी लव चढते. ती चढली की प्रवाळ गेला असं समजायचं. अंदमानात २०१० च्या उन्हाळ्यात मोठ्या प्रमाणावर हे झालं, नंतर २०१६ मध्येही झालं, आणि २०२४ मध्ये जगभरच्या प्रवाळांवरचं चौथं मोठं संकट जाहीर झालं. फांद्यांचे स्टॅगहॉर्न प्रवाळ आधी मरतात, पण वाढतातही भराभर, वर्षाला दहा सेंटिमीटर आणि जास्तही. घुमटासारखे पोराइट्स जास्त तग धरतात. त्यांची वाढ वर्षाला सेंटिमीटरभर, म्हणजे माणसाच्या उंचीचा घुमट १८५७ च्या उठावाच्या आगेमागे रुजलेला असू शकतो. त्यावर पाय टेकवताना हे आठवावं. खरं तर टेकवूच नये.

जॉली बॉयला स्नॉर्केलिंग आखून दिलेल्या भागातच करतात. भांगाचं पाणी असल्यामुळे खालचं नीट दिसत होतं : समुद्रफुलाच्या झुलत्या बोटांत शिरणारे विदूषक मासे, कपारीत निळी ओठकड मिटणारा मोठा शिंपला, चोचीने दगड कुरतडणारे पोपट मासे. पोपट माशांचा कुरतडण्याचा आवाज डोकं पाण्यात घातलं की स्पष्ट ऐकू येतो. ते मेलेल्या प्रवाळावरचं शैवाल खातात, बरोबर चुनखडी गिळतात आणि ती पीठ होऊन बाहेर टाकतात. या किनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूतला बराच भाग त्यांच्या पोटातून आलेला आहे.

नवमी आणि दशमी, हॅवलॉक

हॅवलॉकला खासगी बोट दीड-दोन तासांत नेते, सरकारी बोट अडीच तास घेते. खासगी बोटींची तिकिटं निघण्याआधीच काढलेली हवीत. बंदिस्त वातानुकूलित बोटीत पोट ढवळतं, म्हणून बोट लागणाऱ्यांनी गोळी अर्धा तास आधी घ्यावी, नंतर घेऊन उपयोग होत नाही. वारा वाढला की फेऱ्या रद्द होतात. कार्यक्रमात एक मोकळा दिवस नसेल तर एका रद्द फेरीने विमानही चुकतं.

बेटावरच्या जागा नंबरांनी ओळखतात : एक नंबर जेट्टी, तीन नंबर बाजार, पाच नंबर विजयनगर, सात नंबर राधानगर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांना १९५० च्या दशकात इथे जमिनी दिल्या. त्यामुळे बाजारात बांगला आणि हिंदी, सकाळी पुरी-भाजी, दुपारी मोहरीच्या वाटणातला मासा आणि भात. चहाच्या टपरीवरच्या मावशींनी सांगितलं की त्यांच्या सासऱ्यांनी जंगल तोडून पहिली भातखाचरं केली तेव्हा आठवड्यातून एखादी बोट यायची, आणि मीठ संपलं की समुद्राचं पाणी आटवायचे. जेवायला मासा मागवताना सुरमई किंवा टूना मागावा. पोपट मासा ताटात आला तर परत पाठवावा, तो पाण्यात जास्त उपयोगी आहे.

डायव्हिंगचे दोन मार्ग आहेत. कोर्स न करता एकदाच अनुभव घ्यायचा तर ट्राय डाइव्ह : वय किमान दहा, खोली जास्तीत जास्त १२ मीटर, प्रशिक्षक पूर्ण वेळ हाताच्या अंतरावर. पोहता येत नसलं तरी चालतं. दुसरा मार्ग ओपन वॉटर कोर्सचा : तीन-चार दिवस, पोहता येणं आवश्यक, नंतर १८ मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर उतरण्याची परवानगी मिळते. ज्यांना मासे आणि प्रवाळ खरोखर आवडतात त्यांनी सरळ कोर्सच करावा. ट्राय डाइव्हमध्ये बराचसा वेळ श्वासाकडे लक्ष देण्यात जातो.

सुरुवातीला आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांबद्दल लपवू नये. कशालाही होकार असेल तर डॉक्टरचं पत्र लागतं, ते घरूनच घेऊन निघावं. साधी सर्दीसुद्धा डाइव्ह रद्द करायला पुरेशी आहे. १० मीटरवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, आणि नाक चोंदलेलं असेल तर कानातला दाब सारखा करता येत नाही. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. हे दुखायला लागल्यावर करायचं नसतं, पहिल्या मीटरपासून, दर मीटरला, दुखण्याआधी करायचं. दुखलंच तर एक मीटर वर येऊन पुन्हा प्रयत्न करायचा. जोर लावून फुंकणारे कान दुखावून घेतात आणि उरलेली सहल किनाऱ्यावर काढतात.

दोन खुणा आधीच घोटवाव्यात. अंगठा वर म्हणजे "छान" नव्हे, "मला वर जायचंय". सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. सवयीने अंगठा दाखवणाऱ्याला प्रशिक्षक खरोखर वर घेऊन जातो. आणि सगळ्यात मोठा नियम : टाकीतून श्वास घेताना तो कधीही रोखून धरायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते.

नवशिक्यांना निमो रीफवर नेतात, किनाऱ्यावरून पायी पाण्यात शिरून हळूहळू खोल जात. इथली वाळू पायाने उडवली की मागच्या सगळ्यांचं दिसणं बंद होतं, म्हणून पाय न टेकवता फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) हळू मारायची सवय करावी. दशमीला बोटीने लाइटहाउस आणि द वॉल. द वॉल दहाएक मीटरपासून थेट खाली उतरत जाणारा कडा. त्यावर समुद्रपंखे, कपारीत मोरे ईल, कड्यालगत फ्युसिलियर माशांचे थवे. दशमीच्या पाण्याला ओढ इतकी कमी होती की कड्याशी एका जागी तरंगत राहता आलं. उधाणात हाच कडा समोरून धावत निघून जातो. डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज ही इथली नामांकित ठिकाणं अ‍ॅडव्हान्स्ड सर्टिफिकेटवाल्यांसाठी. जॉनीज गॉर्जला पांढऱ्या टोकाच्या पंखांचे रीफ शार्क तळाशी पहुडलेले असतात आणि माणसाकडे ढुंकून बघत नाहीत.

बोटीचा सुकाणू धरणारे गृहस्थ करेन समाजाचे होते. त्यांचे पूर्वज १९२५ साली ब्रह्मदेशातून येऊन मायाबंदरजवळ वेबी गावात वसले. हॅवलॉकच्या डाइव्ह बोटींवर करेन खलाशी बरेच दिसतात, आणि पाण्याच्या रंगावरून खालचा खडक ओळखण्यात त्यांचा हात धरणारा नाही. २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानची जमीन मीटरभर वर उचलली गेली आणि तिकडचे प्रवाळ भर उन्हात उघडे पडून मेले, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. दक्षिणेला उलट झालं, ग्रेट निकोबारचं इंदिरा पॉइंट चारेक मीटर खाली गेलं.

डाइव्हिंगच्या बाबतीत एक नियम कार्यक्रमाची दिशाच ठरवतो. पाण्याखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि त्याआधी विमानात बसलं तर त्याचे बुडबुडे होतात. एका डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास, शक्यतो २४. म्हणून आधी हॅवलॉक, मग नील, आणि मग विमान. उलटा क्रम लावणाऱ्यांना शेवटचा डाइव्ह सोडावा लागतो.

एकादशी, एलिफंट बीच

जेट्टीवरून बोटीने वीस-पंचवीस मिनिटं, किंवा राधानगरच्या रस्त्यावरून जंगलातून पायवाटेने अर्धा-पाऊण तास. ओल असेल तर पायवाटेचा शेवटचा भाग चिखलाचा होतो. पायवाटेने लवकर पोचलं तर बोटी येण्याआधीचा तास मिळतो, आणि तो तास सोन्याचा. दहानंतर वॉटर स्कूटर सुरू होतात आणि पाणी ढवळतं. स्नॉर्केलिंगसाठी हवेच्या रिंगा देतात आणि एक माणूस दोरीने ओढत नेतो. पोहता येणाऱ्यांनी लाइफ जॅकेट घालून स्वतः गेलेलं चांगलं, कारण रिंग ओढताना खालच्या प्रवाळाला पाय लागतात.

इथला उथळ भाग त्सुनामी, तापलेलं पाणी आणि पायाखाली तुडवणं या तिन्हींनी झिजलेला आहे. तळाशी तुटक्या फांद्यांचा चुरा दिसतो. पण त्या चुऱ्यावर तळहाताएवढे टेबल प्रवाळ नव्याने उगवलेले आहेत, आणि ते मुद्दाम शोधून बघावेत. मेलेला सांगाडा स्थिर असेल तर प्रवाळाची नवी अळी त्यावर बसते, चुरा लाटेने हलत राहिला तर बसत नाही. म्हणूनच पायाने मोडलेली एक फांदी दोनदा नुकसान करते.

उन्हाचं : पाण्यावर पालथं पडून राहिल्यावर पाठ, मान आणि पोटऱ्या भाजतात आणि पाणी थंड असल्याने कळत नाही. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट आणि लांब टाइट्स घातल्या की क्रीम फक्त चेहऱ्यापुरतं लागतं. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली क्रीम टाळावीत. प्रवाळांना अपाय होतो म्हणून हवाईने २०२१ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. झिंक ऑक्साइडवालं पांढरं दिसतं, दिसू द्यावं.

द्वादशी आणि त्रयोदशी

राधानगरच्या सूर्यास्ताबद्दल सगळ्यांना माहीत आहे, तो खरोखर तसाच आहे. प्रवाळ मात्र इथे जवळपास नाहीत, पायाखाली वाळूच वाळू. शेजारच्या नील्स कोव्हमध्ये २०१० साली मगरीच्या हल्ल्यात एका पर्यटक महिलेचा मृत्यू झाला होता. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत, विशेषतः खाड्यांच्या तोंडाशी. जिथे फलक लावलेत आणि जाळी बांधलीय तिथे जीवरक्षकाचं ऐकायचं, बाकी घाबरण्याचं कारण नाही.

किनारा निवडताना वारा बघावा. ईशान्येचा वारा असला की पूर्वेकडचे तीन आणि पाच नंबर खवळलेले असतात आणि पश्चिमेकडचं राधानगर शांत. नैर्ऋत्येच्या वाऱ्याला बरोबर उलट. सकाळी हॉटेलसमोर पाणी गढूळ दिसलं म्हणून दिवस वाया गेला असं समजू नये, रिक्षा करून दुसऱ्या बाजूला जावं.

चतुर्दशी आणि अमावास्या, नील

नील म्हणजे शेतांचं बेट. भाजीपाला इथून पोर्ट ब्लेअरला जातो. महाशिवरात्रीचा उपास इथे सुखाने होतो : पपई, केळी, शहाळी, रताळी बाजारात मुबलक. साबुदाणा किंवा वरई हवी असेल तर घरून आणावी. किनाऱ्यांना रामायणातली नावं : भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर.

इथे पंचांगाने खरी साथ दिली. मुंबई-रत्नागिरीकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तो आडाखा अंदमानात लागू पडत नाही. उधाणाच्या दिवसांत इथे भरती सकाळी नऊ-दहाच्या सुमारास आणि ओहोटी दुपारी तीन-चारच्या सुमारास येते. पुढे रोज साधारण पन्नास मिनिटांनी उशीर. नेमकी वेळ पोर्ट ब्लेअरच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकातून घ्यावी, ती भारतीय सर्वेक्षण विभाग छापतो आणि फोनवरच्या अ‍ॅपवरही मिळते. पाण्याचा चढउतार उधाणातही दोनेक मीटरच, मुंबईच्या चार मीटरच्या पुढे तो लहान वाटेल, पण उथळ प्रवाळावर दोन मीटर म्हणजे सगळंच.

सकाळी भरतीला भरतपूर. जेट्टीशेजारचा हा किनारा इतका उथळ आहे की ओहोटीला प्रवाळ आणि पोट यांत वीतभर अंतर उरतं; तेव्हा स्नॉर्केलिंग केलं तर ओरखडे माणसालाही आणि प्रवाळालाही. भरतीच्या आधी तासभर शिरायचं आणि पाणी उतरायला लागलं की निघायचं. समुद्री गवताचे पट्टे इथल्या पाण्यात आहेत. ड्यूगॉंग, म्हणजे अंदमान-निकोबारचा राज्यप्राणी, असंच गवत चरतो. तो दिसणं फार दुर्मिळ. प्रवाळाने खरचटलं तर लगेच गोड्या पाण्याने आणि साबणाने घासून धुवावं. आत राहिलेले चुनखडीचे कण जखम आठवडाभर चिघळवतात.

दुपारी ओहोटीला लक्ष्मणपूर दोन नंबर. नैसर्गिक पुलापर्यंत जायचा रस्ता खडपावरून, आणि तो मेलेल्या प्रवाळाचाच बनलेला आहे. स्लीपर घालून येणारे इथे पाय कापून घेतात, जाड तळाचे बूट हवेत. ओहोटीच्या तासभर आधी पोचावं, म्हणजे पाणी उतरत असताना डबकी एकेक करून उघडी पडताना दिसतात आणि पाणी वळायच्या आत परत येता येतं. डबक्यांत समुद्रकाकड्या, निळे तारामासे, नागमोडी हातांचे ब्रिटल स्टार, रंग बदलणारं छोटं ऑक्टोपस, आणि पट्ट्यापट्ट्यांचा समुद्रसर्प खडकाच्या सावलीत. सर्प विषारी पण भिडस्त. वाट द्यावी, तो निघून जातो. दगडमासा मात्र हलत नाही आणि दगडासारखाच दिसतो, त्याच्या पाठीवरचे काटे बुटातूनही लागतात. डबक्यात हात घालून दगड उचलायचा नाही, हे त्याच्यामुळेच. काटा लागलाच तर सोसेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवावा, विष उष्णतेने मंदावतं, आणि दवाखाना गाठावा.

वाट दाखवणारी स्थानिक मुलं उत्साहाने समुद्रकाकडी हातात आणून देतात. नम्रपणे नको म्हणावं. पर्यटक नको म्हणायला लागले की मुलंही उचलणं थांबवतात, आणि बोटाने दाखवायला त्यांना जास्त येतं. आमच्या बरोबरच्या शाळकरी पोराला कोणत्या डबक्यात कोण राहतं हे घर नंबरासारखं पाठ होतं.

अमावास्येच्या रात्री साडेसातनंतर, दिव्यांपासून दूर, गुडघाभर पाण्यात उभं राहून हात हलवला की पाण्यात निळसर ठिणग्या उठतात. सूक्ष्म एकपेशीय जीव ढवळले गेले की उजेड टाकतात. रोज दिसतीलच असं नाही, पण डोळे काळोखाला सरावायला वीस मिनिटं द्यावीत आणि फोन खिशात ठेवावा. अनेकजण पाचव्या मिनिटाला "काही नाही" म्हणून परत फिरतात.

फाल्गुन शुद्ध प्रतिपदा आणि द्वितीया, परतीचा प्रवास

नीलहून पोर्ट ब्लेअरला परत यायला प्रतिपदा राखून ठेवली, विमान द्वितीयेचं. फेरी रद्द झालीच तर हा दिवस उपयोगी पडतो, आणि डायव्हिंगनंतरचे तासही निवांत भरतात.

सामान भरताना खिसे झाडून बघावेत. प्रवाळाचा तुकडा, मेलेला असला तरी, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो. समुद्रकाकडीही येते. विमानतळावर बॅगा तपासतात, मुलांनी भरलेल्या शिंपल्यांच्या पिशव्याही उघडतात. दुकानातून घेतलेल्या शिंपल्याच्या वस्तूंची पावती हाताशी हवी. मास्क, नळी आणि फिन्स गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून सावलीत वाळवाव्यात. उन्हात सिलिकॉन पिवळं पडून कडक होतं.

ज्यांना वद्य पक्ष जमत नाही, त्यांनी शुद्ध अष्टमी ते पौर्णिमा धरावी. भांग आणि उधाण तसंच मिळतं, क्रमही हाच ठेवायचा. फक्त नीलच्या रात्री पाण्यातल्या उजेडाऐवजी चांदणं मिळेल. ज्यांच्याकडे चारच दिवस आहेत त्यांनी अष्टमी ते एकादशी घ्यावी, वंडूर आणि हॅवलॉक करावं, आणि नील पुढच्या वेळेसाठी ठेवावं.